वारा खाडीकडून फिरला आहे

देवा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत. वारा खाडीकडून फिरलाय म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावायला उठले आणि तशीच उभी राहिले. कारण मला वास आला. देवनारमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला इथला वास येणं ही काही साधी गोष्ट नाही. म्हणून आधी तेवढ्याबद्दल हात जोडते, मग बाकीचं बोलते.

आठ दिवस माहेरी होते, मंगळवेढ्याकडे. आज संध्याकाळी मैत्री पार्कला एसटीतून उतरले. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, वरती आईनं कोंबलेल्या शेंगा. रिक्षा केली आणि देवनार डेपोच्या अलीकडेच तो वास आला. आंबलेला, जळकट, थोडा गोडसरही. ओढणी नाकाला लावली तर रिक्षावाला आरशातून बघून हसला. म्हणाला, "बाहेरगावाहून आलात वाटतं." बघ ना, इथं नाक दाबणारा माणूस पाहुणाच समजतात.

एरवी हे सगळं पंधरा मिनिटांत संपतं. जिना चढून चहा टाकेपर्यंत नाक समजूतदार होतं. डोंबिवलीची नणंद आली की उंबऱ्यातच विचारते, "वहिनी, कसला गं हा वास?" आणि मी अगदी मनापासून म्हणते, "कुठे?" मी खोटं बोलत नसते रे. मला खरंच येत नसतो. आज मात्र पाच तास झाले तरी येतोय. हे तुझं काम आहे का नुसतं वाऱ्याचं, कोण जाणे. पण आहे तोवर तुझ्याशी बोलून घेते.

या जागेच्या नावात तुझं नाव आहे, देवा. आणि शहरानं नको असलेलं सगळं तुझ्या नावावर आणून टाकलं. कुर्ला-चेंबूरचा रूळ १९०६ सालचा. त्यावरून माणसं जायला लागली १९२४ साली. त्याआधी कचऱ्याच्या गाड्या जायच्या. मी रोज गोवंडीहून फोर्टला कामाला जाते ती त्याच वाटेनं. लेडीज डब्यात घुसमटताना कधी मनात येतं, या वाटेवर कचऱ्याचा मान आमच्या आधीचा. मग १९२७ साली इथलं डम्पिंग सुरू झालं, १९७१ साली कत्तलखाना आला. बकरी ईदच्या आधी कुठल्या कुठल्या राज्यांतून ट्रक भरभरून बकरे येतात आणि आठवडाभर बें-बें असा आवाज येत राहतो. त्याचीही कानाला सवय झाली. मध्ये १९५४ साली टाटा इन्स्टिट्यूट आली, समाजाचा अभ्यास करायला. त्यांना निदान विषय शोधत लांब जावं लागलं नाही. पालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या चोवीस विभागांत आमचा एम-पूर्व सगळ्यात तळाला होता. हे मी कुणाला सांगत नाही. पत्ता सांगतानासुद्धा 'चेंबूरजवळ' असंच म्हणते. हेही तुला माहीतच असेल.

आता एक जुना हिशेब आहे. २०१६च्या जानेवारीच्या शेवटी डम्पिंग पेटलं ते आठवतं? नासाच्या उपग्रहातून तो धूर दिसला म्हणे. तुला तर दिसलाच असेल. आम्हाला मात्र समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. शाळा बंद. मुलगा नववीत होता, रात्रभर खोकायचा. मी दारंखिडक्यांच्या फटींना ओल्या चादरी लावून तुझ्यासमोर बसले होते आणि म्हणाले होते, पांडुरंगा, हे इथून हलव. सोसायटीच्या मीटिंगमध्येही तोच ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या. कुठं हलवायचं, हे त्या कागदात नव्हतं. कुणी विचारलंही नाही. मी तर सहीच्या पुढं कंसात 'अत्यंत तातडीचे' असं लिहून आले.

मग मुंबईचा बराचसा कचरा कांजूरला जायला लागला. माझ्या ऑफिसातली एक मुलगी कांजूरमार्गला राहते. मध्यंतरी डबा खाताना म्हणाली, "ताई, आमच्याकडे रात्री खिडकी उघडता येत नाही. काहीतरी करायला पाहिजे, ते हलवायला पाहिजे." माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे तुझ्याकडे एकाच कचऱ्यावर दोन अर्ज पडलेत, त्यातल्या पहिल्यावर माझी सही आहे. आता तर इथला जुना ढीगही उपसायचं ठरलंय, सुमारे १८५ लाख टन. मोकळी जागा धारावीच्या पुनर्वसनाला द्यायची आहे म्हणतात. एवढे टन म्हणजे किती, ते मला डोळ्यांसमोर येत नाही. त्यात आमच्या घरातल्या अठ्ठावीस वर्षांच्या पिशव्या आहेत, एवढं मात्र येतं. तेव्हा माझा २०१६चा अर्ज मी मागं घेते, देवा. त्याच्या जागी दुसरा कुठला द्यावा ते अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत फाईल उघडी ठेव.

नाकाला सवय होते हे एक वेळ समजून घेता येईल, बाकीच्या इंद्रियांचं काय? मी अकाउंट्सला आहे. ऑफिसात पहिल्यांदा माणसं कमी केली तेव्हा त्या दिवशी मला डबा उघडवला नाही. त्यातल्या एकाचा हिशेब करताना दोनदा चुकले. दुसऱ्यांदा केली तेव्हा चहा प्यायले, पण जेवले नाही. तिसऱ्यांदा केली, तेव्हा डब्यात भरलेली वांगी होती आणि मी ती पोळीनं पुसून खाल्ली. ग्रुपवर कुणाच्या वडलांची बातमी येते आणि माझं बोट वरच्या माणसाचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' उचलून खाली चिकटवतं. एकदा त्या घाईत नावही दुसऱ्याच्याच वडलांचं गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये कचरा न्यायला येतात त्यांना मी मावशी म्हणते. वयानं त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. पण कचऱ्याला हात लावणारी बाई या शहरात कुठल्याही वयाची असली तरी मावशीच होते. त्या मला ताई म्हणतात. माहेर जालन्याकडचं, राहायला बैंगनवाडीत. त्यांचं काम बघण्यासारखं आहे, देवा. जिन्याच्या वळणावर त्या सुका कचरा पसरतात. पुठ्ठा एका बाजूला, पन्नी एका बाजूला. प्लास्टिकचा डबा आला की नखानं टिचकी मारतात, कानाशी धरतात आणि क्षणात सांगतात, हा कडक, हा नरम. दोन्हीचे भाव वेगळे. मी एकदा तोच डबा कानाशी धरून बघितला. मला काहीच फरक कळला नाही. आमचा मुलगा इंजिनिअर, त्यालाही नाही कळला. स्त्री मुक्ती संघटनेनं अशा बायकांना 'परिसर भगिनी' असं नाव दिलंय. ते मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "नाव बरंय. हातमोजे दिले का?"

कानाशी डबा धरलेल्या त्यांना बघितलं की मला माहेरची गोष्ट आठवते. तुला ती मी काय सांगणार, तुझ्याच दारातली आहे. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांच्याबरोबर इतरही मजूर गेले. अस्थी आणायला नामदेव आले तेव्हा कुणाचं हाड कुठलं ते कळेना. मग नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी धरलं आणि ज्यातून तुझं नाव ऐकू आलं ते तेवढं पदरात घेतलं. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची आणि आम्ही पोरं आपापलं मनगट कानाशी लावून बसायचो. आता मनात वेगळाच प्रश्न येतो. ज्यांच्या हाडांतून आवाज आला नाही, ते मजूर तिथंच राहिले का रे? आणि भिंतीपाशी, ढिगापाशी कुणी उभं राहायचं, हे या जवळजवळ सातशे वर्षांत फारसं बदललेलं का नाही? हे तुला रागानं विचारत नाही. थोडं रागानंच विचारतेय.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. इतका वेळ टाळत होते.

माहेरी जायच्या आदल्या आठवड्यात माझ्या हातून काचेचा ग्लास फुटला. सकाळची घाई, आठ बाराची लोकल गाठायची होती. तुकडे झाडूनं सुपलीत घेतले आणि तसेच ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले. भाताच्या शितांखाली. वर्तमानपत्र तिथंच टेबलावर होतं, हात लांब करायचा अवकाश. गाठ मारली, पिशवी दाराबाहेर ठेवली आणि गेले. गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं. जुन्या परकराचं असावं, निळ्या फुलांचं, मध्ये काळपट डाग. मी विचारलं, "काय झालं हो?" त्या म्हणाल्या, "काच लागली, ताई. टाकली कुणीतरी भातात." आणि मी, देवा, मी दारात उभी राहून चेहरा वाईट करून म्हणाले, "लोकांना काही कळतच नाही."

वर हळदही दिली. पुडीत बांधून. त्यांनी ती कपाळाला लावली आणि "देव तुमचं भलं करो" म्हणाल्या. तेवढा आशीर्वाद मात्र माझ्या खात्यात जमा करू नकोस. चुकून पडलेली रक्कम आहे, परत फिरव.

तेव्हापासून मी काच वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधते, वर लाल मार्करनं 'काच' लिहिते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मावशींनी पुडकं उलटसुलट करून बघितलं. "मला वाचता येत नाही, ताई," म्हणाल्या, "पण लाल दिसलं की कळतं. हे बरं केलंत. तो दुसरा कुणी होता, त्याला पण शिकवा." मी मान हलवली.

तेव्हा मागणं एवढंच. वास जाऊ दे असं नाही म्हणत. उलट आणखी थोडे तास राहू दे. नाकाला एवढ्यात समजूतदार करू नकोस. खिडकी मी लावत नाहीये, उघडीच ठेवते. हे झोपेत कुरकुरतील, कुरकुरू देत. सकाळपर्यंत वारा फिरेल, चहा उकळेल, कुकरच्या शिट्ट्या होतील, आणि मला ओळखते ना मी, साडेसात वाजेपर्यंत सगळं नीटनेटकं वाटायला लागेल. त्याच्या आत मला जागं ठेव. मावशी साडेसातला बेल वाजवतात. दार मीच उघडते.