आधी कळलं, पुढे काय?

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती फूट?" १९२९ सालचा हा पूल म्हणजे आमची मोजपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका.

पूर्वी आकडा बघायला पुलावर जावं लागायचं. आता तो मोबाइलवर येतो. साताऱ्याकडे कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं, दरवाजे किती फुटांनी उचलले, तेही कळतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी आमच्याकडे पोचायला वेळ लागतो. तो मधला वेळ हीच आमची पुंजी. तंत्रज्ञान पूर थांबवत नाही. ते फक्त हा वेळ वाया जाऊ देत नाही, तोही आपण वापरला तर.

माहितीसोबत अनुभव असतोच. २००५ च्या पुराची खूण घराघरांत लक्षात होती. "तेव्हा पाणी इथवर आलं नव्हतं," या भरवशावर अनेक जण २०१९ मध्ये घरीच थांबले. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली. कित्येक जण बुडाले.

तेव्हापासून मला वाटतं, 'चपळ संस्था' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. आकडा लवकर मिळाला म्हणजे संस्था चपळ झाली, असं नाही. समजा, रात्री दोन वाजता ग्रामसेवकाला पाणी चढताना दिसतंय. वरच्या आदेशाची वाट न बघता त्याला ट्रॅक्टर मागवता येईल? शाळा उघडता येईल? आणि गाव हलवलं, पण पाणी आलंच नाही, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहील?

माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. लवकर हललेल्या माणसाचा अंदाज चुकला म्हणून जिथे त्याची चौकशी लागते, तिथे पुढच्या वेळी सगळे जण खात्री होईपर्यंत थांबतात. पुरात खात्री होते, तेव्हा पाणी उंबऱ्यात असतं.

ज्याला आधी कळलं, त्याची जबाबदारीही आधीच सुरू होते. मेसेज पुढे ढकलून ती संपत नाही. म्हणून गावाच्या ग्रुपवर आकडा आला की त्याखाली आणखी एक ओळ हवी: म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना कोण हलवणार, आणि किती वाजता.