पित्त झालं असेल

हळद शिजवायचे दिवस होते. या दिवसांत शिरड शहापूरच्या शिवारात कुणालाच उसंत नसते. शिजवायचा कुकर भाड्याचा, नंबर हुकला की पुन्हा वाट बघा. आमचा सालगडी भरदुपारी बांधावर पोट धरून, पुढे वाकून बसला. ‘‘मालक, वरल्या पोटात लई दुखायलंय. पार पाठीत कळ निघायलीय. वाकलं की जरा बरं वाटतं.’’ मी काय म्हणालो? ‘‘पित्त झालं असेल.’’ सोड्याची पुडी हातावर ठेवली आणि कुकरकडे वळलो.

एवढंच असतं तर अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण वळताना मनात आलं, रात्री घेतली असेल. आता अंग चोरतोय. इतक्या वर्षांत त्याला प्यालेला मी एकदाही पाहिलेला नाही. मग हे आलं कुठून? माझं काम अडत होतं. त्याचं दुखणं खोटं असणं मला सोयीचं होतं.

रात्री उलट्या थांबेनात, तेव्हा वसमतमार्गे नांदेडला नेलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: दुखण्याची विशिष्ट तऱ्हा, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिपटीवर, आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. या तिन्हींपैकी दोन खुणा जुळल्या की स्वादुपिंडाचा तीव्र दाह, म्हणजे पँक्रियाटायटिस. त्याचं लायपेज तिपटीच्या कितीतरी वर होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. असा एखादा खडा निसटून पित्तनळीच्या तोंडाशी अडकला, की स्वादुपिंडातला पाचक रस आतच जागा होतो आणि त्या अवयवालाच जाळू लागतो. बहुतेक रोगी सलाइन, वेदनाशामक औषधं आणि सोसेल तसं अन्न यांवर काही दिवसांत सावरतात. काहींचं दुखणं मात्र मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी होण्यापर्यंत जातं. तो सावरला. पण तिन्हींतली पहिली खूण त्यानं मला बांधावरच सांगितली होती, अगदी पुस्तकात असते तशी. पाठीतली कळ, वाकल्यावरचा आराम. मी ऐकलं होतं का? कानांनी, हो.

स्वादुपिंड हा शब्द मला नवा नव्हता. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले १७ मार्च २०१९ रोजी, याच अवयवाच्या कर्करोगानं. तो आजार वेगळा आणि फार लबाड. पोटात खोल दडलेला असल्यानं बहुधा उशिराच कळणारा. नाकात नळी घालून ते काम करत होते, तो फोटो पाहून माझे डोळे भरून आले होते. गोव्यातल्या माणसासाठी भरलेले डोळे दहा पावलांवरच्या माणसासाठी कोरडे का राहिले?

अजून एक गोष्ट टोचते. खडे निघाले म्हणून मी गावात सांगत सुटलो, ‘‘दारूचं काही नाही हो, खडे होते.’’ जणू त्याच्या वेदनेला माझा दाखला हवा होता. दारू हे या दुखण्याचं दुसरं मोठं कारण आहे. ते कारण असतं तर? कळ तेवढीच असती, सलाइन तेच लागलं असतं. मी त्याला नांदेडला नेलं असतं का? नेलं असतं, असं छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाही.

आणि शेवटचं, जे घरातही बोललो नाही. दाह सौम्य आहे, याच मुक्कामात पित्ताशय काढून टाका, असं डॉक्टर म्हणाले होते. खडे राहिले तर पुन्हा झटका येऊ शकतो. तो म्हणाला, ‘‘हळद उरकू द्या, मालक.’’ मला आतून बरं वाटलं. ‘‘तुझी मर्जी,’’ म्हणालो मी. मर्जी त्याची होती की माझ्या तोंडाकडे बघून तो तसं बोलला? माझ्या तोंडाकडे बघूनच, असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे सालाचा हिशेब गुढीपाडव्याला होतो. त्याआधी गड्याची मर्जी कितीशी त्याची असते?

काल मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसून त्याच्या बायकोसमोर सांगितलं की हळद राहू दे, आधी ऑपरेशन, असं मी त्या वेळी म्हणायला हवं होतं; म्हणालो नाही. हळद अजून अर्धी रानात आहे. ऑपरेशन सोमवारी आहे.