अठराशे रुपयांची खोली

तारकर्लीच्या त्या होम-स्टेमध्ये एका खोलीचं एका रात्रीचं भाडं होतं ४,५०० रुपये. मी बाबांना १,८०० सांगितलं.

दोन खोल्या, तीन रात्री. खरा हिशोब २७,००० चा, बाबांच्या डोक्यातला १०,८०० चा. मधले १६,२०० रुपये मी कुठेतरी गडप केले. घरातल्या पैशांबाबतचं हे माझं पहिलं खोटं नव्हतं. आईच्या साड्या कायम सेलमधल्या असतात. मिक्सर ऑफिसच्या दिवाळी कूपनवर आला होता. तुमच्याही घरात असं काही ना काही ‘ऑफरमध्ये’ आलेलं असणारच. कमवायला लागलेल्या आपल्या पिढीची ही बहुधा सगळ्यात लाडकी थाप आहे. तिच्यात वाईट काही असेल असा विचार मी कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी बाबांना स्टेंट बसला. घरी आल्यावर एकदा ते सहज म्हणाले, “समुद्र बघून बरीच वर्षं झाली.” बाबा ‘मला अमुक हवंय’ असं कधीच म्हणत नाहीत. त्यामुळे एवढं वाक्य मला पुरेसं होतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आणि त्याच रात्री मी एक्सेल उघडलं.

पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली आणि मालवण. जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटर, तिथलं फिरणं १५०. गाडी लिटरला १६ चा ॲव्हरेज देते, म्हणजे ६० लिटर पेट्रोल. लिटरला १०५ धरले तर ६,३००. मग टोल, जेवणं, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, वरखर्चासाठी दहा टक्के. एका ओळीत मी लिहिलं होतं: ‘जाताना डबा, घरून: ०’. त्या शून्याकडे नंतर येतो.

शीट छान जमलं होतं. अडचण एकच होती, ते बाबांना दाखवता येणार नव्हतं. ४,५०० चा आकडा बघून ते म्हणाले असते, “एवढ्यात तर महिन्याचा किराणा येतो, रद्द कर.” मग आम्ही बाजारपेठेतल्या एखाद्या लॉजवर उतरलो असतो आणि खिडकीतून समोरच्या दुकानाचं शटर दिसलं असतं. म्हणून मी शीटची दुसरी कॉपी केली. एक खरी, एक बाबांसाठी.

ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोन अभ्यासकांचा १९९८ चा एक निबंध आहे. पैसे देताना माणसाला जी कळ येते, तिच्याबद्दल. वॉशिंग मशीनचे पैसे लोकांना हप्त्याहप्त्याने द्यायला चालतात, पण सहलीचे आधीच देऊन टाकायला आवडतात. पैसे आधी देऊन झाले की सहल फुकट असल्यासारखी उपभोगता येते. मला वाटलं, मीही तेच करतोय. बाबांना कळ येऊ नये म्हणून थोडी भूल देतोय, इतकंच.

फक्त भूल देण्याआधी पेशंटची सही घेतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. स्टेंटच्या वेळी त्या फॉर्मवर बाबांनी सही केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

तारकर्लीचा पहिला दिवस सुंदर गेला. खोलीच्या दारातून सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. बाबा खुशीत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते होम-स्टेच्या मालकांसोबत पडवीत चहा घेत बसले. धंदा कसा चालतो, पावसाळ्यात काय करता, नेहमीच्या गप्पा. त्यातच मालकांनी सीझनचा दर सांगितला. मी झोपाळ्यावर होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि दुसरा विषय काढला.

रात्री त्यांनी सुरमईचं ताट घेतलं नाही. “पोट जड आहे,” म्हणाले आणि वरणभात जेवले. सकाळी पाचला उठून पाहतो तर बाबा खुर्ची ओढून अंधारात समुद्राकडे तोंड करून बसलेले. पैसे वसूल करत असल्यासारखे.

परतीच्या वाटेवर फोंडा घाट चढून वर आल्यावर ते पहिल्यांदा बोलले. आई आणि बहीण मागे झोपल्या होत्या.

“खर्च केलास त्याचं काही नाही रे. तुझे पैसे आहेत. पण मी तीन जणांना फोन करून सांगितलं, अठराशेत अशी खोली मिळते म्हणून. नंबरपण दिला. आता ते फोन करतील. त्यांच्यापुढे मी काय ठरलो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थापेमुळे कुणाचं नुकसान होतंय का, एवढाच हिशोब मी केला होता. पैसे माझे गेले, सुख त्यांना मिळालं, मग नुकसान कुठलं? पण एखादी किंमत कानावर पडली की माणूस तिच्यावर विसंबून पुढचं काहीतरी करतो. दुसऱ्याला सांगतो, सल्ला देतो, बेत आखतो. बाबा आयुष्यभर ‘चौकशी करून सांगतो’ म्हणणारे गृहस्थ. कुठे काय कितीला मिळतं हे त्यांना विचारायला लोक यायचे. माझ्या खोट्याने त्यांची तीच गोष्ट खोटी पाडली.

खोटं बोलण्याबद्दल सगळ्यात कडक भूमिका कांटची. १७९७ मधल्या एका निबंधात तो म्हणतो, मारेकरी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी खोटं बोलू नका. इतकं टोक मला पटत नाही, फारसं कुणाला पटत नसावं. पण त्याच कांटचा दुसरा एक आग्रह मला त्या घाटात आठवला. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, त्याला स्वतःचे हेतू असतात. ज्याच्याशी आपण खोटं बोलतो, त्याला ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. बाबा अठराशेच्या खोलीला हो म्हणाले होते. ज्या खोलीत ते झोपले, तिला ते कधीच हो म्हणाले नव्हते.

सिसेला बोक यांनी १९७८ मध्ये खोटेपणावर अख्खं पुस्तक लिहिलं. ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून बोलल्या जाणाऱ्या खोट्यावर त्यात वेगळं प्रकरण आहे. असं खोटं बोलणाऱ्याच्या बाजूने बघू नका, ज्याला फसवलं त्याच्या बाजूने बघा, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्याला स्वतःचा हेतू दिसतो. ऐकणाऱ्याला, नंतर का होईना, एवढंच दिसतं की आपल्याला न विचारता ठरवलं गेलं.

घरी आल्यावर मी बाबांची २००६ ची डायरी शोधली. त्या वर्षी आम्ही एसटीने गणपतीपुळ्याला गेलो होतो. मी आठ वर्षांचा, बहीण चारची. बाबांच्या बारीक अक्षरात सगळा खर्च होता. तिकिटं, भक्तनिवास, नारळ. आणि एक ओळ: ‘उसाचा रस, ३ ग्लास, १५ रु.’ आम्ही चौघं होतो. मला लगेच आठवलं, “मला गोड नको, दात शिवशिवतात.” दात शिवशिवणारा हा माणूस घरी मात्र चहात दोन चमचे साखर घालायचा.

म्हणजे थाप मारण्याची ही कला मी त्यांच्याकडूनच शिकलो! क्षणभर बरं वाटलं, फिट्टंफाट झाल्यासारखं. पण मग फरक दिसायला लागला. बाबांनी खोटं बोलून स्वतःचा ग्लास कमी केला. मी खोटं बोलून त्यांचा निर्णय कमी केला. शिवाय आठ आणि चार वर्षांच्या मुलांपुढे कुणी बजेट मांडत नाही, त्यांना रस पाजतात. मी साठी ओलांडलेल्या माणसाला रस पाजला होता. आजारपणानंतर सगळेच त्यांना जपत होते. खाणं आम्ही ठरवत होतो, झोपायची वेळ आम्ही. पैशाचा व्यवहार कळणं ही त्यांच्याकडे उरलेली मोठ्या माणसाची खूण होती. तीही मी प्रेमाने काढून घेतली.

याला एक उत्तर आहे आणि ते कच्चं नाही. खरं सांगितलं असतं तर ते आलेच नसते. समुद्र राहून गेला असता. मी आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एवढ्या जाड गाद्या अठराशेत येत नाहीत. पण मी विचारलं नाही. मला आकडे सांगूच नकोस बाबा, घास घशाखाली उतरत नाही.”

मी बराच वेळ यात अडकलो होतो. आईला न सांगणं चालतं, मग बाबांना का नाही? आता मला वाटतं, आईने न कळण्याची निवड स्वतः केली आहे. ती मागते म्हणून मी गप्प बसतो. बाबांच्या बाबतीत ती निवड मी केली होती. आणि गप्प बसणं वेगळं, १,८०० सांगणं वेगळं.

यंदा डिसेंबरसाठी एकच शीट केलं आणि बाबांना शेअर केलं. त्याची किंमत मोजावी लागली. समुद्रासमोरची खोली त्यांनी पहिल्याच दिवशी खोडली आणि पाच मिनिटं आत चालत जावं लागेल असं २,२०० चं घर शोधलं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्यांनी एक ओळ वाढवलीसुद्धा: ‘कोल्हापूर, मुक्काम १ रात्र’. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गाडी चालवणारा एकच आहे.’ गेल्या खेपेला मी सलग नऊ तास गाडी चालवली होती. ते माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आणि ते शून्य. डब्याच्या ओळीतलं. तिथे बाबांनी ७०० लिहिले, ‘वाटेत नाश्ता’. मागच्या वेळी तो फुकटचा डबा भरायला आई पहाटे साडेतीनला उठली होती. आईने आकडा पाहिला नाही, पण ओळ ऐकून म्हणाली, “बरं झालं.”

परवा बाबांचा फोन आला. “अरे, तुझ्या त्या तक्त्यात चौदा नंबरनंतर एकदम सोळा कसा?”

पंधरावी ओळ मी हाइड केली होती. सवय जात नाही. तिच्यात होतं: ‘आणीबाणी, बाबा, हॉस्पिटल: ५०,०००’.

खूप वेळ मी काही बोललो नाही. मग ओळ अनहाइड केली. पलीकडे चष्मा घातल्याचा आवाज, मग शांतता.

“एवढे नको धरूस,” बाबा म्हणाले. “मेडिक्लेमचं कार्ड गाडीत ठेव. आणि मालवणात हार्टचा डॉक्टर आहे का, त्याची मी चौकशी करून सांगतो.”