अधिक-उणे

प्राचीनतेचा अभिमान आपल्या बोलण्यात सहज येतो. गावचे देऊळ 'हजारो वर्षांचे' असते आणि नदीकाठची पांढरीची टेकाडे थेट पांडवांच्या काळाशी जोडली जातात. अशा सांगण्यात शंकेला जागा नसते. कार्बन-१४ पद्धतीने काढलेला काळ मात्र प्रयोगशाळेतून एकटा कधीच बाहेर पडत नाही. त्याच्या पाठोपाठ अधिक-उण्याचे चिन्ह आणि आणखी एक आकडा असतो. अनेकांना तो या पद्धतीचा कमकुवतपणा वाटतो. मला तो तिचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

शिकागो विद्यापीठात विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचे मूळ आकाशात आहे. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात आणि नायट्रोजनच्या काही अणूंचे कार्बन-१४ मध्ये रूपांतर होते. हा किरणोत्सारी कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून हवेत मिसळतो. झाडे तो हवेतून घेतात, जनावरे झाडपाल्यातून आणि आपण अन्नातून. त्याचे प्रमाण नगण्य असते, लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक. जीव आहे तोवर या कार्बनची किरणोत्सारी झीज भरून निघते. जीव गेला की आवक थांबते, झीज चालूच राहते. ५,७३० वर्षांत निम्मे अणू उरतात, ११,४६० वर्षांत पाव. सुमारे ५०,००० वर्षांनंतर इतके थोडे उरतात की मोजणेच अवघड होते.

म्हणजे ही पद्धत मरणाची वेळ सांगते, आणि जे कधी जगले त्याचीच सांगते. दगडी मूर्तीचे किंवा तांब्याच्या भांड्याचे वय तिला विचारता येत नाही, कारण दगडाने आणि तांब्याने हवेतला कार्बन कधी अंगी बाणवलेलाच नाही. त्यांच्यासोबत त्याच थरात सापडलेला कोळसा बोलतो, पण तोही जपून ऐकावा लागतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, चुली आणि जळके धान्य मिळाले. समजा, अशा घरात जळालेले खांबाचे लाकूड आहे आणि शेजारी करपलेले जवाचे दाणे आहेत. खांब घरात बसवण्याआधी शंभर वर्षे झाड म्हणून उभा असेल आणि त्याच्या गाभ्याचे लाकूड झाड तोडण्याच्या कितीतरी आधीच 'मेलेले' असेल. जव एका हंगामात पिकतो आणि कापला जातो. घर कधी वसते होते, हे त्या खांबापेक्षा या मूठभर दाण्यांना अधिक नेमके ठाऊक असते.

नेमका नमुना मिळाला तरी उत्तर शंकेसहच येते. उदाहरणार्थ, मोजणीने ३,००० अधिक-उणे १०० वर्षे असे सांगितले, तर खरा आकडा त्या दोन टोकांमध्ये असण्याची शक्यता साधारण तीनात दोन. तीनात एक वेळा तो बाहेरही असू शकतो.

ही कबुली किती फळते, हे सिंधू संस्कृतीच्या कालगणनेत दिसते. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मेसोपोटेमियाशी असलेल्या संबंधांच्या आधारे तिचा भरभराटीचा काळ इ.स.पू. २५०० ते १५०० ठरवला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ची प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथल्या मोजण्यांवर भर देऊन डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ साली तो इ.स.पू. २३०० ते १७५० असा आखडून दाखवला. पुढे पद्धतीचेच एक गृहीतक तपासले गेले. हवेतले कार्बन-१४चे प्रमाण सर्वकाळ सारखे होते, असे लिबी धरून चालले होते. झाडांच्या वार्षिक वलयांनी ते खोटे ठरवले. कॅलिफोर्नियातल्या हजारो वर्षे जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइनची वलये एकेक मोजून, त्यांतला कार्बन तपासून दुरुस्तीचे कोष्टक तयार झाले. हडप्पाकाळी हवेत हा कार्बन जास्त होता, म्हणून जुने नमुने शतकांनी तरुण भासत होते. दुरुस्तीनंतर तो काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा मागे सरकला.

काळ आधी आखडला, मग मागे गेला. यात कुणाचा मान वाढला वा घटला नाही. तेच कोळसे होते, वाचणारी नजर सुधारली. अधिक-उणे आधीच लिहिलेले असले की दुरुस्तीला दार उघडे राहते. ज्या दाव्यात ते नसते, त्याला दुरुस्ती म्हणजे अपमान वाटतो, आणि मग नवा पुरावा शत्रू ठरतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात, संग्रहालयाच्या पाटीवर प्राचीन काळ लिहिताना तो कशावरून काढला आणि किती मागेपुढे होऊ शकतो, हेही छापावे. इनामगावच्या शेतकऱ्याने पेरलेला जव तीन हजार वर्षे मातीत राहून आपल्यापर्यंत पोचला. त्याने दिलेले उत्तर अधिक-उण्यासकट स्वीकारणे, हा त्या शेतकऱ्याबद्दलच्या आदराचाच भाग आहे.