रुक्मीची प्रतिज्ञा

श्रीक्षेत्र कौंडण्यपूर हे वर्धा नदीच्या तीरावरील पुण्यस्थान. विदर्भनरेश भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ते हेच आणि जगन्माता रुक्मिणीचे माहेरही हेच, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्या राजकुळात रुक्मिणीची भक्ती फुलली, त्याच कुळात तिचा ज्येष्ठ बंधू रुक्मी याचा अहंकारही वाढला.

पित्याची इच्छा डावलून रुक्मीने भगिनीचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरविला. अंबिकेच्या दर्शनास आलेल्या रुक्मिणीस भगवान श्रीकृष्णांनी रथात घेतले, तेव्हा रुक्मीने प्रतिज्ञा केली : कृष्णाला मारून भगिनीस परत आणल्याविना कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही! युद्धात त्याचा पराभव झाला. रुक्मिणीने पदर पसरून त्याच्या प्राणांची भीक मागितली. बलरामाने त्याची बंधने सोडविली. प्राण वाचले, पण अहंकार सुटला नाही. घरी परतण्याऐवजी त्याने भोजकट नावाचे वेगळे नगर वसविले. अमरावतीजवळील भातकुली हेच ते भोजकट, असे परंपरेने मानले जाते. माहेरघराचा मार्ग कोणी अडविला नव्हता. तो त्याच्याच शब्दाने बंद झाला होता.

पुढे भारतीय युद्धाच्या वेळी रुक्मी एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे गेला. भय वाटत असेल तर मी साह्य करीन, अशा आढ्यतेने तो अर्जुनाशी बोलला. अर्जुनाने सस्मित नकार दिला. दुर्योधनानेही त्यास स्वीकारले नाही. सैन्य होते, दिव्य धनुष्य होते, पराक्रम होता. परंतु उभे राहावयास दोन्हीकडे जागा नव्हती. अखेर द्यूताच्या डावात खोटेपणा व उपहास केल्यामुळे, ज्या बलरामाने त्यास पूर्वी सोडविले त्याच्याच हातून त्याचा अंत झाला.

सत्ता, संपत्ती वा विद्वत्ता यांत दोष नाही. ‘माझ्यावाचून अडते’ या भावनेत दोष आहे. देणगीच्या पावतीवर दात्याचे नाव असते, ते हिशेबासाठी. देवाच्या दारी ओळख भावाचीच. मानाची जागा मिळाली नाही म्हणून जो रुसून मागे फिरतो, तो आपल्यापुरते एक भोजकट वसवीत असतो.

दरवर्षी आषाढीस रुक्मिणीमातेची पालखी कौंडण्यपुराहून पंढरीस जाते. तिच्या वाटेवर धनिक व श्रमिक एकाच धुळीतून चालतात, एकमेकांच्या पाया पडतात. भाविकहो, या भूमीवरून जाताना मातेचा प्रसाद न्यावा आणि रुक्मीची प्रतिज्ञा येथेच वर्धेच्या पात्रात सोडावी, हीच प्रार्थना.

॥ जय रुक्मिणीमाता ॥