मताचा अनुताप

झाल्या गोष्टीबद्दलच्या दुःखाला मराठीत अनेक शब्द आहेत. हाती येऊ घातलेले निसटले म्हणजे हळहळ वाटते. करावयाचे ते राहून गेले म्हणजे रुखरुख लागते. आपल्या हातून दुसऱ्याचे अहित घडले म्हणजे पश्चात्ताप होतो. संतवाङ्मयात ह्याच जातीचा, परंतु अधिक खोल जाणारा, अनुताप हा शब्द येतो. ज्याला अनुताप झाला तो पूर्वीसारखा राहत नाही, असे तेथे गृहीत असते. एखाद्या नेत्याला दिलेले मत ही आपली चूक होती असे नागरिकाला जेव्हा वाटू लागते, तेव्हा त्याच्या वाटण्याला ह्यांपैकी कोणता शब्द लागू पडतो? हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. मतदाराने नेमके कशाबद्दल दुःख करावे आणि त्या दुःखातून काय निष्पन्न व्हावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी स्वतंत्र भारताच्या इतिहासातील एक कालखंड विशेष उपयोगी आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत 'गरिबी हटाव' ह्या घोषणेवर इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. २५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली आणि ती मार्च १९७७ पर्यंत टिकली. त्याच महिन्यातील निवडणुकीत काँग्रेसच्या जागा १५४ वर आल्या आणि स्वतः पंतप्रधान रायबरेलीतून पराभूत झाल्या. जानेवारी १९८० मध्ये त्याच नेत्याच्या पक्षाला पुन्हा ३५३ जागा मिळाल्या. नऊ वर्षांच्या आत भारतीय मतदाराने एका व्यक्तीवर विश्वास टाकला, तो काढून घेतला आणि पुन्हा टाकला. १९७७ मध्ये ज्यांना १९७१ च्या मताचा खेद झाला, त्यांतील अनेकांना १९८० मध्ये १९७७ च्या मताचा खेद झाला. तेव्हा ह्यांतील खरा खेद कोणता, असे विचारणे भाग पडते.

खेदाचे कारणच नाही, असाही एक पक्ष मांडला जातो. कोट्यवधी मतांत एका मताने काय होते? शिवाय मतदान गुप्त असते. बोटावरची शाई ही मत दिल्याची खूण असते, कोणाला दिले ह्याची नव्हे. ज्या कृतीचा साक्षीदार नाही आणि जिचा परिणाम मोजता येत नाही, तिची जबाबदारी कोणावर टाकावयाची? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो मान्य केला तर मतदाराचा अभिमानही निराधार ठरतो. दारिद्र्य जाईल ह्या आशेने १९७१ मध्ये जो रांगेत उभा राहिला, त्याने आशेचे श्रेय स्वतःकडे घ्यावे आणि परिणामाचा वाटा मात्र गर्दीच्या नावे लिहावा, हा न्याय होऊ शकत नाही.

येथे दोन विचारवंतांचे विवेचन साहाय्यक ठरते. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स ह्यांनी १९४६ मध्ये, नाझी राजवटीनंतर, अपराधाच्या प्रश्नावर लिहिताना राजकीय दायित्व आणि नैतिक दोष ह्यांत भेद केला. शासनाने जे केले त्याचे राजकीय दायित्व सर्व नागरिकांवर, विरोधकांवरही, येते. नैतिक दोष मात्र ज्याचा त्याने आपल्या अंतःकरणात तपासावयाचा असतो. इंग्लिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स ह्यांनी १९७६ मध्ये एका मालमोटारचालकाचे उदाहरण दिले. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येते. बघ्यांनाही दुःख होते, परंतु चालकाचे दुःख निराळ्या जातीचे असते, कारण ते त्याच्या हातून घडलेले असते. ते दुःख त्याला झालेच नाही, तर त्याच्या माणूसपणात काही उणे आहे असे आपल्याला वाटेल. मतदार ह्या चालकासारखा आहे, असे प्रथमदर्शनी म्हणता येईल. तथापि चालकाची निर्दोषता गृहीत आहे. मतदाराची तपासून पाहावी लागते.

ती तपासताना 'त्या वेळी हे ठाऊक नव्हते' हे उत्तर पुढे येते. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अज्ञानातून घडलेल्या कृतीचा विचार करताना असे म्हटले आहे की, कृतीनंतर ज्याला दुःख होते, त्याचीच कृती त्याच्या इच्छेविरुद्ध घडली असे मानावे. मात्र अज्ञान ज्याने स्वतः ओढवून घेतले त्याला, उदाहरणार्थ मद्यप्याला, तो सूट देत नाही. १९७१ चा मतदार कोणत्या प्रकारात बसतो? १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा प्रश्न ऐरणीवर होता. गरिबाच्या बाजूने कोणीतरी उभे आहे, असे मानण्यास आधार होता. चार वर्षांनंतरच्या जूनमधील ती रात्र त्या दिवशी कोणाला दिसणे शक्य नव्हते. म्हणून केवळ त्या मताबद्दल कोणी स्वतःला दोषी मानीत असेल, तर तो स्वतःवर अन्याय करीत आहे.

परंतु मतदाराचे नागरिकत्व मतपेटीपाशी संपत नाही. एप्रिल १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील तीन न्यायमूर्तींची सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशाची नेमणूक झाली. ही घटना गुप्त नव्हती; वृत्तपत्रांनी ती छापली आणि तीवर वाद झाले. तरीही बहुसंख्यांना तो वकिलांचा आपसातला तंटा वाटला असावा. ज्याच्यावर आपण विश्वास टाकला, त्याच्या विरोधी पुरावा पाहण्याचे माणूस टाळतो, कारण तो पुरावा पाहणाऱ्याच्या निवडीवरही उलटतो. येथून अज्ञान हे निर्दोष राहत नाही. ते हळूहळू सोयीचे होत जाते.

आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, म्हणून पाहणेही कठीण झाले. 'मिसा'खाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली. १९७६-७७ ह्या एका वर्षात नसबंदीच्या ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत सक्तीच्या किती ह्याचा हिशेब पुढे चौकशीचा विषय झाला. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटपाशी घरे पाडली गेली आणि गोळीबार झाला. दिल्लीच्या सातही जागा १९७१ मध्ये काँग्रेसलाच मिळाल्या होत्या. तेव्हा ज्यांची घरे गेली, त्यांतील कित्येकांनी त्याच सत्तेला मत दिले असणे संभवनीय आहे. त्यांच्या खेदाला तत्त्वचर्चेची गरज नव्हती. १९७७ मध्ये त्या सातही जागा काँग्रेसने गमावल्या. उलट आंध्र प्रदेशात त्याच निवडणुकीत काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या. आपल्या दारापर्यंत न आलेल्या अन्यायाची झळ मनापर्यंत पोचणे किती अवघड असते, हे त्या दोन निकालांवरून ध्यानात येते.

तरीही बोलणे सर्वस्वी अशक्य नव्हते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी विचारस्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेतली आणि पुढील वर्षी त्यांना तुरुंगवास घडला. प्रत्येक नागरिकाकडून असे धैर्य अपेक्षिणे योग्य नाही. परंतु ते धैर्य दिसत असताना दुसरीकडे मान वळविणाऱ्याला, 'सगळेच गप्प होते' असे नंतर म्हणण्याचा अधिकार राहत नाही.

मतदाराच्या खेदाची तुलना न्यायाधीशाच्या खेदाशी करून पाहावी. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला बंदीप्रत्यक्षीकरणासाठी न्यायालयाकडे दाद मागता येत नाही. न्या. हं. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांस सरन्यायाधीशपद देण्यात आले. बहुमतातील न्या. प्र. न. भगवती ह्यांनी २०११ मध्ये आपला निर्णय चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरविला. न्यायाधीशाची स्वाक्षरी कागदावर राहते, म्हणून त्याची चूकही त्याच्या नावावर राहते. मतदाराची स्वाक्षरी कोठेच नसते. त्याला विसरणे सोपे असते, आणि आपण कधी चुकलोच नव्हतो असे स्वतःला पटविणे त्याहूनही सोपे असते.

१९८० च्या निकालाचा अर्थ लावताना 'जनता विसराळू असते' असे म्हटले जाते. तो निष्कर्ष घाईचा आहे. जनता पक्षाचे सरकार अंतर्गत कलहाने १९७९ मध्ये कोसळले होते आणि स्थिर शासन हवे असे वाटणाऱ्या मतदाराजवळ आपली कारणे होती. दोष मत बदलण्यात नव्हता. ज्यांनी एका नेत्यावरची भक्ती काढून दुसऱ्यावर ठेवली, आणि तोही निरुपयोगी ठरताच ती पहिल्याकडे परत नेली, त्यांच्या खेदात भक्ती तशीच शिल्लक राहिली होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, परंतु राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. देवता बदलल्याने ह्या इशाऱ्याचे पालन होत नाही. असा खेद ही फार तर हळहळ होय.

ह्याउलट १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती पाहावी. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येऊ नये, अशी तरतूद झाली. १९७७ चा क्षोभ तीन वर्षांत ओसरला, ज्यांना त्या क्षोभाने निवडून दिले ते सरकारही गेले. परंतु ही दुरुस्ती राहिली. पुढचा सत्ताधीश कोणीही असो, त्याच्यावर आणि त्याला निवडणाऱ्या मतदारावरही तिचे बंधन आहे. 'आपण पुन्हा चुकू शकतो' ही कबुली तिच्यात आहे, आणि अनुतापाचे हेच लक्षण होय.

मत चुकले असे ज्याला वाटते, त्याने म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मत देताना जे कळणे शक्य होते, ते कळून घेण्याचा प्रयत्न केला होता काय? आणि मत दिल्यानंतर, ज्याला ते दिले त्याच्याकडे पाहणे चालू ठेवले होते काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल तर त्या मताबद्दल त्याने स्वतःला क्षमा करावी. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर त्याचा खेद मताच्या दिवसाचा नसून नंतरच्या वर्षांचा आहे, हे त्याने ओळखावे. ती वर्षे परत येत नाहीत. मात्र पुढच्या वेळी तो ज्याला मत देईल, त्याच्याकडे पाहण्याची वर्षे अजून त्याच्या हाती असतात.