शेजाऱ्याची साक्ष

गरिबीत माणसे एकमेकांना धरून राहतात, याला सद्गुण म्हणावे की नाइलाज, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याच्या घरी साखरेचा डबा भरलेला आहे, तो वाटी घेऊन शेजारी जात नाही. आणि उद्या आपल्यालाही मागायला जावे लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो आज दारी आलेल्याला नाही म्हणत नाही. मग या देवघेवीत माया किती आणि हिशेब किती? चाळ सोडून ब्लॉकमध्ये गेलेली माणसे हळहळतात, की ती माणुसकी आता उरली नाही. मला वाटे, माणसे तीच आहेत. गेली आहे ती फक्त गरज.

आमच्या नाशकात ही हळहळ पुष्कळ घरांतून ऐकू येते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या शब्दावर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही. हजारो कामगारांच्या नोकऱ्या मात्र गेल्या त्या गेल्याच. कोणी गावची वाट धरली, कोणी काम मिळेल तिकडे गेले. माझ्या वडिलांना सातपूरच्या एका कारखान्यात काम मिळाले आणि लालबागेतले आमचे बिऱ्हाड सिडकोच्या दोन खोल्यांत आले. मी तेव्हा अगदी लहान. चाळ मला ठाऊक आहे ती पुष्कळशी मोठ्यांच्या तोंडूनच.

गेल्या उन्हाळ्यात त्या चाळीतली जुनी माणसे सिडकोतल्या एका सभागृहात जमली. काही इथलीच, काही मुद्दाम मुंबईहून आलेली. कित्येकांची गाठ चाळीस वर्षांनी पडत होती. आधी नावे, मग चेहरे, मग कोण गेले त्याची विचारपूस. आणि मग आठवणींना तोंड फुटले. पहाटेचा गिरणीचा भोंगा. एका गाळ्यात राहणारे पंधरा-पंधरा गडी. दिवसपाळीचा उठला, की त्याच्याच वळकटीच्या जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. गॅलरीतले भजन, गणपतीची वर्गणी. संपाच्या दिवसांत खानावळवाल्या बाईंनी महिनोन्‌महिने वहीवर जेवू घातले, ही आठवण निघाली तेव्हा दोन म्हाताऱ्या गड्यांनी डोळे पुसले. एकजण म्हणाले, "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक आजी म्हणाल्या, "एका कुटुंबासारखे होतो, तर माझा हंडा नळावर सगळ्यांच्या मागं का लागायचा? मी पहाटे चारला येऊन उभी राहिले तरी?"

आवाजात राग नव्हता. सगळे गप्प झाले. मग त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, "खरं आहे. पुढं लागायचा तो हंडा माझा असायचा."

हे त्या एका चाळीपुरते नव्हते. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाने ओठ लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने ओठ लावायचे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरकाव नव्हता. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. आम्हां नाशिककरांना तर दाखल्यासाठी मुंबईलाही जायला नको. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. आणि 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तेव्हा एकाच भोंग्यावर उठणारी माणसेच एकमेकांसमोर उभी होती.

त्या आजींच्या बोलण्याने बैठकीचा गोडवा गेला, असे कोणी म्हणेल. मला मात्र आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे सापडले. शेजारधर्म हा निव्वळ गरजेचा खेळ असता, तर नळावर मागे सारलेला हंडा असताच ना! गरज सगळ्यांची सारखीच होती. पगार तेवढाच, खोली तेवढीच, पाणी त्याच नळाचे. तरीही साखर कोणाला द्यायची आणि हंडा कोणाचा मागे सारायचा, हे माणसेच ठरवीत होती. म्हणजे गरज माणसाला दारापर्यंत आणते. दार उघडायचे की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. वहीवर जेवू घालणाऱ्या बाईला गिऱ्हाईक टिकवायचे होते, हे खरेच. पण वही मिटून दार लावून घेणेही तिच्या हाती होते. अशाच खानावळवाल्या बायकांना हाताशी धरून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नुसत्या नाइलाजातून असे काही उभे राहत नाही.

म्हणून चाळीतल्या चांगुलपणाचे श्रेय गरिबीला देऊ नये, आणि तिथल्या अन्यायाची जबाबदारीही गरिबीवर ढकलू नये. दोन्ही माणसांचेच. जो पहिले स्वीकारतो, त्याने दुसरेही पदरात घेतले पाहिजे.

जुन्या शेजाऱ्यांना भेटावे ते याचसाठी. घरातली माणसे आपल्या आठवणी सांभाळून घेतात. त्यांनाही त्या तशाच हव्या असतात. शेजाऱ्याने आपले आयुष्य भिंतीपलीकडून ऐकलेले असते. आपण काय दिले हे त्याला आठवते, आणि काय नाकारले तेही. एकट्याची आठवण गोड होत जाते; चारचौघांत बसून काढलेल्या आठवणीला खरे राहावे लागते. त्या आजी बोलल्यावर उठून गेल्या नाहीत, आणि दुसऱ्या बाईंनी नजर चुकवली नाही. चाळीचे कुटुंब कधी झाले असेल, तर ते त्या क्षणी झाले असे मला वाटते.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसे 500 चौरस फुटांच्या घरात आली. आता नळ ज्याच्या त्याच्या घरात, दार लावून घेण्याची सोयही ज्याची त्याला. यात काही हरवले असे ज्याला वाटते, त्याने आधी पहाटे चारला नळावर उभ्या राहणाऱ्या बाईला विचारावे. तिचे काही हरवलेले नाही. तिच्या हक्काचे पाणी तिला उशिरा मिळाले आहे. आता साखर उसनी मागायला कोणी येणार नाही. यापुढे शेजारच्या दारात फराळाचे ताट घेऊन जो उभा राहील, त्याला गरजेने तिथे आणलेले नसेल. पायरी चढायची ती त्याला स्वतःहूनच चढावी लागेल, आणि कोणत्या दाराची, हेही त्यालाच ठरवावे लागेल.